रविवारचा फोटो

१९ ऑगस्ट, रविवार

शुक्रवारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ही वही हातात ठेवली. म्हणाल्या, "आई काय काय विसरते ते तारखेनिशी लिहीत जा, रीपेका. महिन्याभरानं बघू." आई एक्क्याऐंशी वर्षांची. तिला दिसू नये म्हणून वही मी बसच्या सीटखाली लपवली आणि दोन दिवस ती कुठे ठेवली हेच मला आठवेना. सुरुवात काही बरी नाही.

विसरणं १: साखरेच्या डब्यात मीठ. (हे मी केलेलं असू शकतं. पण आईनं तो चहा मुकाट प्याला, म्हणजे चवच विसरली असेल तर?)

मी काळजीखोर आहे हे सगळ्या खाडीला ठाऊक आहे. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवते, आणि शेवटचं मूल उतरल्यावर रोज तीनदा सगळ्या सीटखाली वाकून बघते. अजून एकदाही कुणी सापडलेलं नाही.

आज पानावर बाबांच्या थोरल्या बहिणीचा फोटो टाकला, घोड्यावर बसून पाईप ओढतानाचा. पान म्हणजे फोनवरचं आमच्या घराण्याचं पान. मे महिन्यात सुरू केलं. आईच्या पलंगाखाली बिस्किटांचे दोन मोठे डबे भरून फोटो आहेत. त्यातला एक रोज टाकायचा, बघणाऱ्याला बरं वाटेल असाच. भांडणाचे नाहीत, आजारपणाचे नाहीत. आता एकशेचाळीस माणसं झाली आहेत. ऑकलंडची, ब्रिस्बेनची, पर्थची. कुणी कारखान्यात डबा खाताना बघतं, कुणी बाळाला पाजताना. फोटो आई निवडते आणि मी टाकते.

नियम एकच, तो माझी मावसबहीण हुहाना हिनं घालून दिला: सोमवार ते शनिवार जिवंत माणसं, रविवारी गेलेली. सरमिसळ नाही. आमच्या पुढच्या खोलीतही तसंच आहे. समुद्राकडची भिंत गेलेल्यांची, स्वयंपाकघराकडची आपली. कुणी गेलं की आई खुर्चीवर चढून त्याचा फोटो उतरवते, पदरानं पुसावा तसा एप्रनानं पुसते आणि खोली ओलांडून पलीकडे लावते. जिवंत माणसाला तिकडे लावणं म्हणजे त्याला तिकडून बोलावणं पाठवण्यासारखं. हे आमच्याकडे तीन वर्षांच्या पोरालाही सांगावं लागत नाही.

२२ ऑगस्ट, बुधवार

आईनं आज एरुएराचा फोटो काढून दिला. माझा धाकटा भाऊ. चार वर्षांचा, कपडे धुवायच्या टबात बसलाय, डोक्यावर फेस, आणि शेजारी मी सात वर्षांची, हातात बादली घेऊन, आताच ओतणार अशी. फोटोत दोघंही इतकी हसतोय की डोळे दिसत नाहीत.

एकसष्ट जणांनी बदाम पाठवले. एरुचा आला नाही. तो पानावर आहे. मी मे महिन्यात बोलावणं धाडलं, त्यानं ते घेतलं, पण आजपर्यंत एक अक्षर नाही की एक खूण नाही. फक्त कुणी कुणी पाहिलं त्या यादीत त्याचं नाव येतं. एरुएरा, कॅलगुर्ली, पश्चिम ऑस्ट्रेलिया, सोन्याची खाण. एवढंच.

विसरणं २: आईनं संध्याकाळी चार वेळा विचारलं, "त्यानं पाहिलं का गं?" चारही वेळा मी हो म्हटलं. पाचव्यांदा विचारलं तेव्हा जरा जोरात म्हटलं. ती म्हणाली, "मी बहिरी नाही."

मग स्वतःशीच म्हणाली, "मयताला तरी येईल."

हे मला आवडलं नाही. मी भांडी घासायला निघून गेले.

२३ ऑगस्ट, गुरुवार

झोप लागली नाही म्हणून पहाटे लिहितेय. नर्सबाईंनी आईचं लिहायला सांगितलं, माझं नाही. पण कुठेतरी लिहायलाच हवं. हे पान वही देताना फाडून टाकीन.

बाबा नऊ वर्षांपूर्वी जुलैत गेले. एरु आला नाही. मराएवर, म्हणजे आमच्या घराण्याच्या सभाघराशी, तीन दिवस बाबांना ठेवलं, चारशे माणूस जेवून गेलं, आणि जो तो विचारी, पारातेनेचा मुलगा कुठाय? उत्तरं मी देत होते. माती झाली, लोक पांगले, आई मराएच्या मागच्याच आमच्या घरी तापानं फणफणून पडली. तिसऱ्या दिवशी मी मराएच्या स्वयंपाकघरात एकटी पातेली घासत होते, तेव्हा फाटकाशी एक भाड्याची गाडी थांबली.

एरु उतरला. टोपी हातात, काळा कोट अंगाला मोठा होणारा. दुःखाला आलेला माणूस फाटकाशी उभा राहतो. घरची बाई साद घालते, मग तो आत येतो. सादेशिवाय पाऊल टाकायचं नाही. हे त्यालाही माहीत, मलाही माहीत.

मी खिडकीतून बघत होते. आणि पातेली घासत होते. वीस मिनिटं तरी. एक पातेलं तर दोनदा घासलं. पाऊस लागला होता. तो हलला नाही. मग एकदा गाडीचा आवाज आला आणि मी वर बघितलं नाही.

महिन्याभरानं त्याचा फोन आला, तेव्हा मी म्हटलं, "आता तिकडेच राहा." त्यालाही नऊ वर्षं झाली.

आईला मी सांगितलं की त्याला यायलाच जमलं नाही. आईला ह्यातलं काही माहीत नाही.

२८ ऑगस्ट, मंगळवार

विसरणं ३: हे खरं काळजीचं आहे. आई चाळीस वर्षं आमच्या मराएवर साद घालत आली. तिचा आवाज नदीपलीकडे ऐकू जाई. तीन वर्षांपूर्वी दम पुरेना म्हणून थांबली, आता हुहाना घालते. शुक्रवारी कपडे वाळत घालताना आई मध्येच थांबली आणि म्हणाली, "अगं, ते लांबून आलेल्यांना बोलवायचं कसं असतं? दुसरी ओळ आठवत नाही."

आईला! दुसरी ओळ!

मी सांगितली. ती म्हणाली, "नुसती सांगू नकोस, म्हण. सुरात आठवेल." मी म्हटली. ती म्हणाली, "काय पुटपुटतेस, चर्चमध्ये पैसे मोजतेयस का? पोटातून काढ." मी मोठ्यानं म्हटली. शेजारचं कुत्रं ओरडायला लागलं. आई चिमटे तोंडात धरून हसत होती, पण शेवटपर्यंत म्हणायला लावलंन. मग म्हणाली, "आता तिसरी. तीही आठवत नाही."

तेव्हापासून रोज संध्याकाळी असंच चाललंय. कालचं आज तिला आठवत नाही. मला मात्र सगळं पाठ झालं. मी कधी साद घातलेली नाही आणि घालणारही नाही. का, ते वर लिहिलं आहे.

३ सप्टेंबर, सोमवार

आईला शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तिनं मला आत येऊ दिलं नाही. "एवढ्या वयात कुणासमोर ब्लाऊज काढायचं ते माझं मी ठरवीन." पाऊण तास आत होती. बाहेर मी भिंतीवरचा हृदयाचा तक्ता चार वेळा वाचून काढला आणि प्रत्येक रोग मलाच आहे असं वाटलं.

बाहेर आल्यावर म्हणाली, "जुना ट्रॅक्टर आहे म्हणाले. चालू आहे तोवर चालू." आणि गोळ्या? "कानासाठी." हृदयाचा डॉक्टर कानाला गोळ्या का देईल? पण चिठ्ठी तिच्या पर्समध्ये आणि पर्स तिच्या मांडीखाली.

विसरणं ४: डॉक्टर काय म्हणाले ते आई घरी पोचेपर्यंत विसरली.

येताना बंदरावर थांबून तळलेले मासे खाल्ले. आईनं चार घास खाल्ले आणि उरलेले सीगलना टाकले. मग म्हणाली, "एरु सुट्टी मागतो तेव्हा कशाची मागतो गं? आजारपणाला देतात?"

"खाणीत? मयत असेल तरच देतात म्हणे," मी म्हटलं.

"असं," आई म्हणाली.

८ सप्टेंबर, शनिवार

आज दोघी डबे उघडून बसलो. उद्याचा फोटो बाबांचा निघाला: होडी उलटी घालून तिच्यावर बसलेले, गुडघ्यावर जाळं. छान आहे. मग आईनं डब्याच्या तळातून आणखी एक काढला. तिचा स्वतःचा. पंचवीस-तिशीतली, खडकावर उभी, स्कर्ट खोचलेला, दोन्ही हातात शिंपल्यांची पोती, आणि वारा केसांत घुसलाय म्हणून तोंड वर करून हसतेय. मी हा कधी पाहिलाच नव्हता.

"हा उद्या टाक. बाबांच्या शेजारी."

"आई, उद्या रविवार."

"मग? एकावन्न वर्षं त्याच्या शेजारी झोपले. फोटोत बसले तर काय होतंय?"

"तू जिवंत आहेस."

"ती काय भिंत आहे का? फोन आहे तो. काच." मग माझा हात धरला. आईचा हात हल्ली गारच असतो. "वाऱ्यानं आम्ही दोघं एकाच दिवशी हसत होतो, रीपे. सकाळी त्याचा काढला, दुपारी माझा. एकमेकांपासून तोडू नकोस."

मी होय म्हटलं. खाली काय लिहायचं तेही तिनं सांगितलं: "आई, अशीच हसत राहा. तुझी लेकरं रीपेका आणि एरुएरा."

विसरणं ५: रविवारचा नियम. भिंतीवरचा तोच नियम तिनंच मला शिकवला.

टाकू का नको? सोमवारी टाकते असं सांगून बघते.

९ सप्टेंबर, रविवार, सकाळ

ऐकलं नाही. आई आठ वाजता माझ्या मागे उभी राहिली आणि मी बटण दाबेपर्यंत हलली नाही. टाकला. मग म्हणाली, "चल, नदीच्या तोंडाशी. बारकी मासळी चढतेय म्हणतात." तिला तीन वर्षांत मासळीला जावंसं वाटलं नव्हतं. बूट घालून दारात उभी आहे. जाऊन येते.

९ सप्टेंबर, संध्याकाळ

जसं घडलं तसं लिहिते.

दिवसभर नदीवर होतो. आईनं जाळीपाशी खुर्ची टाकली होती. काचेसारखी मासळी, पेलाभर मिळाली. आईनं गाणी म्हटली. मला कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं. मग फोन बघावा म्हणून पिशवीत हात घातला तर फोन नाही.

विसरणं ६: माझा फोन पिशवीत ठेवते म्हणून आईनं घेतला आणि फ्रिजवर विसरली.

परत येताना मराएवरून वळलो. फाटकात सात गाड्या. धुराड्यातून धूर. हुहाना अंगभर काळे कपडे घालून अंगणात पातेली मांडत होती, आणि तिच्या हाताखाली चार बायका, रताळी सोलणाऱ्या, नाक ओढणाऱ्या. मला वाटलं, कोण गेलं! गाडी थांबवून मी धावले.

हुहाना मला मिठी मारून हंबरडा फोडणार तेवढ्यात तिला गाडीत आई दिसली. मासळीचा पेला मांडीवर धरून बसलेली.

हुहानाच्या हातातलं झाकण पडलं. "मावशी! तू जिवंत आहेस!"

आई म्हणाली, "गेले होते, पण रांग फार मोठी होती."

कुणी हसलं नाही. हुहाना माझ्यावर उलटली. "रविवारी! पारातेनेकाकांच्या शेजारी! वर 'हसत राहा'! अगं बाई, सकाळपासून मी तुझा फोन लावतेय, घरचा लावतेय, कुणी उचलत नाही. दारं बंद. आम्ही समजलो दवाखान्यात गेलीस देह आणायला. ऑकलंडहून तेओटीकाका बस घेऊन निघायचेत, वेलिंग्टनवाले निघालेत. जिवंत बाईला गेलेल्यांत बसवलंस, रीपेका! तुझं डोकं कुठाय?"

विसरणं ७: घरचा फोनही लागत नव्हता, कारण आईनं रिसीव्हर नीट ठेवला नव्हता. सकाळी निघताना ती शेवटी बाहेर आली, तेव्हाच झालं असावं.

घरी येऊन पहिल्यांदा पानावर लिहिलं: आई सुखरूप आहे, चूक माझी, माफ करा. तेव्हा सात वाजले होते. एकशेतेहतीस जणांनी पाहिलं. काहींनी देवाचे आभार मानले, काहींनी माझं नाव घेऊन बरंच काही लिहिलं. सकाळच्या फोटोखाली मात्र एरुनं लिहिलंय. चार महिन्यांत पहिल्यांदा. एकच शब्द: "निघतो."

मी तो आईला दाखवला. तिनं चष्मा लावून वाचला, मग चष्मा काढून वाचला. "पर्थहून विमान किती वाजता सुटतं?"

"आई, आता तो येणार नाही. मी लिहिलेलंही त्यानं पाहिलंय, हे बघ नाव. तू ठीक आहेस हे कळलंय त्याला."

आई फोनकडे बघत राहिली. "एवढ्यात कशाला लिहिलंस?" म्हणाली, आणि न जेवता झोपायला गेली. मासळी तशीच पेल्यात आहे. ऊन बाधलं असणार. नदीवर टोपी घातली नव्हती तिनं.

१० सप्टेंबर, सोमवार

बस चालवली. मुलंसुद्धा माझ्याकडे चोरून बघत होती. एकानं विचारलं, "तुमची आई भूत आहे का?" मी म्हटलं, अजून नाही, आणि लगेच जीभ चावली.

हेच ते. अपशकुन. मी माझ्या हातानं बटण दाबलं. आई सकाळपासून उठली नाही. भिंतीकडे तोंड करून पडली आहे. ओठ निळसर दिसले. नर्सबाईंना बोलावलं, त्या अर्धा तास आत बसल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "विश्रांती घेऊ दे." मग मला उगाच जवळ घेतलं. मी विचारलं, वही दाखवू का? म्हणाल्या, "आता घाई नाही."

दुपारी पाद्रीबाबा आणि हुहाना आले. तेओटीकाकांचा फोन आला होता: बावीस माणसं, एक आख्खं डुक्कर आणि तीन गोणी रताळी बसमध्ये चढली आहेत, आता आम्ही परत फिरणार नाही, तिला जिवंत बघून जेवून जाऊ. पाद्रीबाबा म्हणाले, "जे दुःख उघडलंय ते तसंच वाऱ्यावर सोडायचं नाही. उद्या अकराला मराएवर या. रीतसर आत घेऊ, प्रार्थना करू, जेवू, मिटवू." हुहाना म्हणाली, "साद मी घालीन. पण कुणाच्या नावानं घालू तेवढं सांगा."

आतून आईचा आवाज आला, "मी घालीन."

"मावशी, तुला दम—"

"माझ्या मयताला आलीत ती माणसं. मीच आत घेणार."

११ सप्टेंबर, मंगळवार

आईनं सकाळी केस धुऊन घेतले. काळे कपडे, डोक्यावर हिरव्या पानांचा वेढा, मीच वळला. सभाघराच्या ओसरीत मी तिला धरून उभी. हुहाना दुसऱ्या बाजूला, हात बांधून, माझ्याकडे न बघता.

बस फाटकाबाहेर थांबली. माणसं उतरून गोळा झाली. पुढे काळ्या कपड्यातल्या बायका, मागे पुरुष. जिवंत माणसाला भेटायला आलेत हे सगळ्यांना माहीत होतं, तरी कुणी हसत नव्हतं. फाटकाशी उभं राहिलं की तसंच होतं.

आईनं माझा दंड घट्ट धरला. आणि सगळ्यात मागे, पुरुषांच्याही मागे, बसच्या सावलीत मला तो दिसला. टोपी हातात. काळा कोट. कोट आता बरोबर बसत होता. केस पिकलेत. तो खाली बघत होता.

आईनं साद सुरू केली. पहिली ओळ, तोच आवाज, नदीपलीकडे जाणारा. अंगणातलं सगळं थांबलं. तिनं श्वास घेतला, दुसरी ओळ काढली आणि ती मध्येच तुटली. तिनं परत श्वास घेतला. नुसती हवा आली. हुहाना पुढे झाली, तशी आईनं तिला हातानं अडवलं आणि मला म्हणाली, "तू घाल."

"मी नाही, आई."

"तुला येते. मीच म्हणवून घेतलीय."

फाटकाशी सगळे वाट बघत होते. तो अजून खाली बघत होता. साद तुटली तसं त्यानं टोपी डोक्यावर ठेवली. निघणारा माणूस ठेवतो तशी. ते बघितलं आणि माझ्या तोंडून दुसरी ओळ बाहेर पडली. कशी पडली ते मला माहीत नाही. या, लांबून आलेल्यांनो, या. तिसरी ओळ, समुद्र ओलांडून आलेल्यांनो. चौथी, तुमच्या गेलेल्यांना बरोबर घेऊन या, आमचे गेलेले वाट बघताहेत. पुढे ओळी संपल्या. आईनं एवढ्याच शिकवल्या होत्या. पण तो अजून हलला नव्हता. म्हणून पुढची मी माझी घातली.

ये रे भावा, ये. नऊ वर्षं फाटकात उभ्या असलेल्या, आता आत ये. खिडकीतून तुला बघणारी बोलावतेय, ये. बाबा, तुमचा मुलगा आला आहे.

सगळ्या खाडीनं ऐकलं. हुहाना माझ्याकडे वळून बघत राहिली. तिला कळलं. सगळ्यांनाच कळलं असेल. कळू दे.

त्यानं टोपी काढली. माणसं हळूहळू पुढे निघाली, आणि तो सगळ्यांच्या मागून चालत आला. आईपाशी पोचला तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे नाकाला नाक टेकवायला वाकला, आणि तसाच राहिला. बराच वेळ. दोघांच्या हनुवट्यांवरून पाणी गळत होतं. मग आई म्हणाली, "उशीर केलास. रताळी गार होतील."

जेवताना तो माझ्यासमोर बसला. डुकराचं मटण, रताळी, आणि आमची पेलाभर मासळी अंड्यात घालून, प्रत्येकाला अर्धा घास. मी म्हटलं, "मी लिहिलेलं पाहिलं नाहीस का? आई बरी आहे म्हणून?"

"विमानतळावर पाहिलं. बॅग उचलून परत निघालो होतो."

"मग?"

"दारापर्यंत गेलो. मग वाटलं, मयताला यायची हिंमत होती आणि ती जिवंत आहे म्हटल्यावर पळतोय. लाज वाटली." त्यानं रताळ्याचं साल काढलं. "आणि तुझीही भीती वाटत होती, रीपे. तू परत पातेली घासत बसशील म्हणून."

मी रडले. भर पंगतीत. हुहानानं माझ्यापुढे टॉवेल आपटला, "पूस. आणि पुडिंग वाढायला चल." ही तिची माफी. की मला दिलेली माफी, कोण जाणे.

घरी आल्यावर मी आईच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. खिडकी, पाऊस, वीस मिनिटं. आई म्हणाली, "मला ताप होता, मी बहिरी नव्हते. गाडी आली तेही ऐकलं, गेली तेही ऐकलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. तू तर फार वेळ लावलास गं."

१५ सप्टेंबर, शनिवार

एरु खाणीत कळवून आलाय, इतक्यात जाणार नाही म्हणतो. मी म्हटलं, मयत नाही तर सुट्टी कशी देतात? तो म्हणाला, "सोडली नोकरी." कारण विचारलं तर खिडकीबाहेर बघायला लागला. गुरुवारी आईला शहरातल्या डॉक्टरांकडे तोच घेऊन गेला होता, आणि त्याला मात्र तिनं आत येऊ दिलं. परतल्यावर त्याचे डोळे लाल होते. वारा होता म्हणाला. त्या दिवशी झाडाचं पानही हललं नव्हतं.

आज त्याला ही वही सापडली. ओसरीत बसून पहिल्यापासून वाचली. फाडायचं पानही वाचलं. आधी हसत होता, पाय आपटून. "फोन फ्रिजवर! रिसीव्हर! रीपे, तू ही नर्सला दाखवणार आहेस?" मग थोड्या वेळानं हसायचा थांबला आणि वही मांडीवर मिटून बसला. म्हणाला, "ती काही विसरत नाहीये गं."

"दुसरी ओळ विसरली होती," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी चहा टाकायला उठले.

दुपारी आईनं फोटो काढून घ्यायचं ठरवलं. निळा चांगला ड्रेस, कानात हिरव्या दगडाचे डूल. खुर्ची अंगणात, पाठीमागे समुद्र. आधी आम्हा तिघांचा काढला, हुहानाला बोलावून. टबातल्यासारखा हसरा आला. तो उद्या नाही, सोमवारी टाकायचा. नियम म्हणजे नियम.

मग आई म्हणाली, "आता एकटीचा."

एरुनं फोन वर धरला. मी तिची कॉलर नीट करत होते, ती म्हणाली, "बाजूला हो रीपे, हात येतोय तुझा. ह्या फोटोत एकही जिवंत माणूस नको."

एरुचा हात खाली आला. त्याला काढायला खूप वेळ लागला. आई मात्र वाऱ्याकडे तोंड करून बसली होती आणि खडकावरच्या फोटोत हसते तशीच हसत होती. "हा पानावर टाकू नकोस," मला म्हणाली. "मोठा करून आण आणि डब्यात ठेव. कुठे लावायचा ते तुला कळेल. खुर्चीवर चढताना जपून."

नर्सबाई सोमवारी वही घ्यायला येणार आहेत म्हणून आजचंही लिहून ठेवते.

विसरणं ८: फोटोत आपण स्वतः जिवंत आहोत, हे आई विसरली.